फेस, गाळ आणि ‘विघटनशील’ हा शब्द



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांनी आधीच विचारलं आहे, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसांचं मैलापाण्याशी काय नातं? नातं आहे, आणि ते एका शब्दातून येतं. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर ‘बायोडिग्रेडेबल’ असं छापलेलं असतं. मराठीत आपण त्याला ‘जैवविघटनशील’ म्हणतो. हा शब्द वाचला की मन निर्धास्त होतं. पाण्यात गेलं की जंतू खाऊन टाकतील, विषय संपला! पण या शब्दाला इतिहास आहे. त्यात एक महायुद्ध आहे, नद्यांवरचे फेसाचे डोंगर आहेत, कायदे आहेत, आणि सगळ्यांच्या तळाशी एक बंद, अंधारी टाकी आहे. आज आपण तो इतिहास पाहणार आहोत. मग शब्दाकडे परत येऊ.

सुरुवात टाकीपासून करू.

बिनहवेचं पचन

१७७६ साली इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी तळाचा चिखल ढवळला, वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि ते पेटतात हे दाखवलं. हाच पुढे मिथेन म्हणून ओळखला गेलेला वायू. चिखलात, जिथे हवा पोचत नाही तिथे, काहीतरी कुजतं आणि त्यातून जळणारा वायू निघतो, एवढं तेव्हा कळलं. तो कोण करतं, हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली.

१८९५ साली इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी मैलापाण्यासाठी बंद टाकी बांधली. ‘सेप्टिक टँक’ हे नाव तिथलंच. त्या टाकीतल्या वायूवर दिवेही लावले गेले. आणि त्यानंतर लगेच, १८९७ च्या सुमारास, आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशाच टाकीतल्या वायूवर इंजिन चालवलं गेलं. इथे एक गंमत सांगायला हवी. अनेक पुस्तकांत आणि लेखांत ‘१८५९ साली मुंबईच्या कुष्ठाश्रमात जगातला पहिला बायोगॅस प्रकल्प झाला’ असं वाक्य सापडतं. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं, असं ते फिरत राहिलं आहे. पण माटुंग्याचा हा आश्रम, म्हणजे पुढचं ॲकवर्थ रुग्णालय, स्थापन झाला १८९० साली. जो आश्रमच नव्हता त्याची टाकी कुठून असणार? अभिमानाची गोष्ट खरी आहे, साल चुकीचं आहे. इतिहासात अभिमानालाही तारीख तपासून घ्यावी लागते.

पुढे १९०६ च्या आसपास जर्मनीत कार्ल इम्होफ यांनी दोन मजली टाकी काढली. वर पाणी निवळायचं, खाली गाळ पचायचा. विसाव्या शतकात मोठ्या शहरांनी गाळ पचवण्याच्या स्वतंत्र टाक्या बांधल्या, आणि आपल्याकडे गोबरगॅस आला. सगळ्यांच्या मुळाशी तत्त्व एकच: हवा बंद ठेवा, बाकीचं जंतू बघतील.

हे ‘जंतू’ म्हणजे एक जमात नाही, हा या विषयातला कळीचा मुद्दा आहे. टाकीत काम पाळीपाळीने चालतं. पहिली मंडळी मोठे रेणू, म्हणजे स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, पिष्ट, फोडून लहान करतात. दुसरी त्यांची आम्लं बनवते. तिसरी त्या आम्लांचं ॲसेटिक आम्ल, म्हणजे ज्यामुळे व्हिनेगर आंबट लागतं ते, आणि हायड्रोजन बनवते. शेवटची मंडळी, मिथेन तयार करणारी, ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन संपवून वायू सोडते. ही शेवटची मंडळी संथ वाढणारी आणि नाजूक. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिलं की हे जीव नेहमीच्या जीवाणूंच्या कुळातलेच नाहीत, त्यांची शाखाच वेगळी. आज त्यांना आपण ‘आर्किया’ म्हणतो.

त्याआधी दहा वर्षं, १९६७ मध्ये, एक फार सुंदर शोध लागला होता. अल्कोहोलपासून मिथेन बनवणारा एक जीव अनेक वर्षं एकच समजला जात होता, त्याला एकच नाव होतं. मार्व्हिन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो एक नाहीच, दोघे आहेत. एक अल्कोहोल फोडून हायड्रोजन सोडतो, पण हायड्रोजन साचला की त्याचं काम थांबतं. दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करतो. पहिल्याशिवाय दुसरा उपाशी, दुसऱ्याशिवाय पहिला ठप्प. म्हणजे टाकीत संसार आहे, आणि तो उधारीवर चालतो. शेवटच्याने उचललं नाही तर मधल्याकडे माल साचतो. टाकीच्या भाषेत सांगायचं तर आम्लं साचतात, टाकी आंबट होते, वायू मंदावतो आणि शेवटी बंद पडतो.

ही साखळी लक्षात ठेवा. आता आपण दुसऱ्या बाजूने, कपडे धुण्याच्या बाजूने, या टाकीकडे येणार आहोत.

रिठ्यापासून पावडरीपर्यंत

मळ काढणाऱ्या पदार्थाचं कसब एका रेणूत असतं. त्याचं एक टोक पाण्याचं मैत्र धरतं, दुसरं तेलाचं. हा दुतोंडी रेणू पाणी आणि तेल यांच्या सीमेवर जाऊन बसतो आणि तेलकट मळ पाण्यात ओढून नेतो. याला इंग्रजी शास्त्रात सरफॅक्टंट म्हणतात, आपण पृष्ठसक्रियक म्हणू. आपल्या आज्या रिठा आणि शिकेकाई वापरत, त्यातलं सॅपोनिन हेही असंच. साबण हाही असाच, तेलापासून केलेला.

साबणाच्या दोन अडचणी होत्या. एक म्हणजे जड पाण्यात त्याचा चोथा होतो. दुसरी, तो खाण्याच्या तेलाशी स्पर्धा करतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्निग्ध पदार्थांचा दुष्काळ पडला, तेव्हा १९१६ च्या सुमारास बीएएसएफ कंपनीतल्या फ्रिट्झ गुंथर यांनी डांबराच्या रसायनांपासून ‘नेकाल’ नावाचा पर्याय काढला. धुण्यात तो फारसा पटाईत नव्हता, पण वाट सापडली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ‘फेवा’ आणि अमेरिकेत ‘ड्रेफ्ट’ आले. हे स्निग्ध अल्कोहोलपासून केलेले होते. १९४६ मध्ये ‘टाइड’ आलं, आणि १९५३ पर्यंत अमेरिकेत डिटर्जंटचा खप साबणाच्या पुढे गेला. आपल्याकडे १९५९ मध्ये ‘सर्फ’ आला. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ सुरू केला आणि पावडर मोलमजुरी करणाऱ्या घरापर्यंत पोचली. हे आपण कमी लेखू नये. कपडे धुणं हे बायकांच्या पाठीवरचं ओझं होतं. ते हलकं झालं.

या युद्धोत्तर पावडरींच्या पोटात मुख्य माल होता तो पेट्रोलियमपासून केलेला एक रेणू. तेलशुद्धीकरणात निघणारा प्रोपिलीन वायू स्वस्त होता. त्याचे चार-चार तुकडे जोडून शेपूट करायची, ती बेंझीनच्या कड्याला लावायची आणि कड्यावर सल्फोनेट बसवायचं. उत्तम फेस, उत्तम धुणं, भाव कमी. पण ती शेपूट सरळ नव्हती, बाभळीच्या फांदीसारखी फाटेफुटीची होती.

फेसाचे डोंगर

जंतू लांब शेपूट खातात ती टोकाकडून, दोन-दोन कर्बअणू तोडत. सरळ शेपूट असेल तर काम सुरळीत चालतं. फाटे आले की दात अडकतात. त्यामुळे हा रेणू मैलाशुद्धीकरण केंद्रातून जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडू लागला. हवा फुंकण्याच्या टाक्यांवर माणसाच्या उंचीचे फेसाचे ढीग जमू लागले. वारा आला की फेस रस्त्यावर. १९५९ च्या कोरड्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या नद्यांना पाणी कमी होतं, आणि बंधाऱ्यांपाशी फेसाचे डोंगर उभे राहिले. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तर विहिरीचं पाणी नळातून फेसाळत येऊ लागलं, कारण तिथे घरोघरी शोषखड्डे होते आणि त्याच जमिनीतून पिण्याचं पाणी काढलं जात होतं.

सरकारं हलली. ब्रिटनने १९५३ मध्ये सर हॅरी जेफकॉट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अंतिम अहवाल १९५६ मध्ये आला. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, आणि १ ऑक्टोबर १९६४ पासून डिटर्जंटमधला पृष्ठसक्रियक ठरलेल्या चाचणीत किमान ८० टक्के विघटित झाला पाहिजे अशी अट लागू झाली. अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ च्या मध्यापर्यंत आपणहून बदल केला.

बदल कोणता? शेपूट सरळ केली. केरोसीनमधून सरळ साखळ्यांचे रेणू चाळून घ्यायचं तंत्र तोवर आलं होतं. नवीन रेणूचं नाव लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनेट, थोडक्यात ‘लास’. आपल्याकडे छोटे उत्पादक ज्याला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात आणि सोडा ॲशबरोबर कालवून पावडर करतात, ते याच लासचं आम्लरूप. हवा असलेल्या पाण्यात लास झपाट्याने संपतो. नद्यांवरचा फेस ओसरला. रसायन उद्योग, शास्त्रज्ञ आणि सरकार यांनी मिळून एक पर्यावरणाचा प्रश्न सोडवल्याचं हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक मानलं जातं, आणि ते मानणं योग्यच आहे.

पण आता मघाच्या वाक्यातले चार शब्द पुन्हा वाचा. ‘ठरलेल्या चाचणीत’ आणि ‘हवा असलेल्या’.

टाकीत काय झालं?

लासची शेपूट खायला सुरुवात करताना जंतू तिच्या टोकाला ऑक्सिजनचा अणू बसवतात, आणि तो येतो हवेतल्या ऑक्सिजनमधून. पुढे बेंझीनचं कडं फोडतानाही ऑक्सिजन लागतो. म्हणजे कुलपाची किल्लीच हवेत आहे. बंद टाकीत ती किल्ली नाही.

आणि लास टाकीत जातो तरी का? कारण तो गाळाला चिकटतो. केंद्रात मैलापाणी आलं की आधी ते स्थिर ठेवतात, जड घाण तळाशी बसते. हवा फुंकणं त्यानंतर. त्या पहिल्या पायरीवरच लासचा साधारण दहा ते वीस टक्के भाग गाळाबरोबर खाली बसतो आणि हवेची भेट न होता थेट पाचक टाकीत जातो. तिथे गाळ पचून कमी होत जातो, लास तसाच राहतो, म्हणून त्याचं प्रमाण वाढतं. हवेत स्थिरावलेल्या गाळात कोरड्या वजनाच्या किलोमागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी लास सापडतो. बिनहवेच्या टाकीतून निघालेल्या गाळात तो किलोमागे कित्येक ग्रॅम असतो.

याचा जंतूंवर परिणाम काय? जो रेणू कपड्यावरच्या तेलात घुसतो, तो जंतूच्या कातडीतही घुसतो, कारण तीही स्निग्ध पदार्थाचीच बनलेली असते. आवरण ढिलं पडतं, आतलं बाहेर झिरपतं. इथे एक विचित्र गोष्ट घडते. पृष्ठसक्रियकाने गाळातले चिकटलेले पदार्थ सुटे होतात, त्यामुळे साखळीतल्या पहिल्या मंडळींचं काम कधीकधी उलट वेगाने होतं, आम्लं जास्त तयार होतात. पण शेवटची, मिथेन करणारी नाजूक मंडळी मागे पडते. पुढून माल वाढला, मागून उचल थांबली. टाकी आंबट होण्याची ही अगदी नेमकी रीत.

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात हे प्रत्यक्ष घडलं. काही केंद्रांत गाळाचं पचन रेंगाळू लागलं आणि शोध घेतल्यावर बोट डिटर्जंटकडे गेलं. १९६९ मध्ये तिथल्या संशोधकांनी एक उपाय प्रसिद्ध केला: गाळात स्टिअरिन अमाइन घालायचं. डिटर्जंटचा भार ऋण, याचा धन. दोघं एकमेकांना मिठी मारतात आणि डिटर्जंट जंतूंच्या वाटेतून दूर होतो. म्हणजे एका रसायनाला आवरायला दुसरं रसायन. टाकी चालू झाली, पण रेणू संपला नाही, फक्त बांधून ठेवला गेला.

लाँग आयलंडच्या सफोक काउंटीने १९७१ मध्ये टोकाचं पाऊल उचललं. लास आलेला होता, तो ‘विघटनशील’ होता, तरीही काउंटीने डिटर्जंटच्या विक्रीवर बंदी घातली. नदीसाठी केलेला उपाय शोषखड्ड्याला लागू पडेल असं त्यांना वाटेना. ती बंदी कायम टिकली नाही. पण त्या लोकांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता: विघटनशील, पण कुठे?

१९८४ मध्ये या प्रश्नाला एक गंभीर वळण मिळालं. स्वित्झर्लंडमधले वॉल्टर गिगर आणि त्यांचे सहकारी गाळ तपासत होते. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट नावाचे पृष्ठसक्रियक तेव्हा सर्रास वापरात होते. केंद्रात ते ‘विघटित’ होत होते, म्हणजे चाचणीत दिसेनासे होत होते. गिगर यांना दिसलं की बिनहवेच्या गाळात त्यांची लांब शेपूट तुटते आणि मागे नोनिलफिनॉल उरतं. ते मूळ पदार्थापेक्षा जलचरांना अधिक विषारी, आणि ते गाळात साचत होतं. विघटन झालं होतं, पण अर्धवट, आणि अर्ध्यावरचा पदार्थ पहिल्यापेक्षा वाईट. युरोपीय संघाने २००३ मध्ये या पदार्थांवर कडक निर्बंध आणले.

लासबाबत मात्र युरोपात दोन मतं पडली, आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. डेन्मार्कने शेतात टाकायच्या गाळातल्या लासवर मर्यादा घातली, १९९७ मध्ये किलोमागे २,६०० मिलिग्रॅम, २००० मध्ये ती १,३०० वर आणली. उलट पक्षाचं म्हणणं असं, की गाळ शेतात पसरला की त्याला हवा मिळते आणि लास काही आठवड्यांत निम्म्याहून कमी होतो. मग टाकीत तो उरला याचा एवढा बाऊ कशाला? २००४ च्या युरोपीय डिटर्जंट नियमाने हवेतल्या संपूर्ण विघटनाची अट घातली आणि बिनहवेच्या विघटनाचा प्रश्न पुढच्या आढाव्यासाठी ठेवला. २००९ मध्ये आयोगाने ठरवलं की ती अट सगळ्यांवर सक्तीने लादायची गरज नाही. मात्र पर्यावरणस्नेही मालाला मिळणाऱ्या युरोपच्या ‘इकोलेबल’मध्ये बिनहवेच्या विघटनाचा निकष आहे.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल. सगळे पृष्ठसक्रियक लाससारखे नाहीत. स्निग्ध अल्कोहोलचे सल्फेट आणि सरळ साखळीचे इथॉक्सिलेट बिनहवेच्या टाकीतही खाल्ले जातात. साखरेपासून केलेले ग्लुकोसाइडही तसेच. साबणही मिथेनपर्यंत जातो. पण म्हणून ‘साबण नैसर्गिक, तेव्हा निर्धोक’ हेही खरं नाही. साबणातून आणि तेलातून येणारी लांब साखळीची आम्लं फार झाली तर तीच मिथेन करणाऱ्या मंडळींना गुदमरवतात. आणि निर्जंतुक करणाऱ्या द्रावणातले धनभाराचे पृष्ठसक्रियक, उदाहरणार्थ बेंझाल्कोनियम क्लोराइड, गाळाला घट्ट चिकटतात. ते मुळात जंतू मारण्यासाठीच केलेले असल्याने टाकीला ते लासपेक्षाही जाचक ठरू शकतात.

‘हे कधीच खाल्लं जाणार नाही’ असं म्हणतानाही सांभाळावं. बेंझीनचं कडं किंवा सरळ हायड्रोकार्बन ऑक्सिजनशिवाय खाता येतच नाही, असं अनेक वर्षं मानलं जाई. १९९१ मध्ये फ्रीडरिश विडेल यांच्या गटाने हवेशिवाय हायड्रोकार्बन खाणारा जीवाणू दाखवला. निसर्गाकडे मागचं दार असतं, पण ते फार हळू उघडतं. टाकीत गाळ राहतो काही आठवडे. तेवढ्या वेळात ते दार उघडेलच यावर शहराची व्यवस्था सोपवता येत नाही.

आपल्या दारात

आता युरोपातून घरी येऊ. युरोपातली केंद्रं मैलापाण्याला बहुधा हवा देतात आणि फक्त गाळ टाकीत पाठवतात. आपल्याकडे गंगा कृती योजनेत, १९८९ मध्ये, कानपूरला डच सहकार्याने वेगळा प्रयोग झाला. नेदरलँड्सच्या गात्झे लेटिंगा यांनी विकसित केलेलं ‘यूएएसबी’ तंत्र. यात मैलापाणी खालून वर, गाळाच्या गादीतून चढवायचं, आणि त्या गादीतल्या बिनहवेच्या जंतूंनी ते शुद्ध करायचं. हवा फुंकायला वीज नको, वर वायू मिळतो. वीजटंचाईच्या देशाला हे पटणारं होतं. यमुना कृती योजनेत अशी अनेक केंद्रं उभी राहिली. पण इथे गाळच नव्हे, सगळं पाणीच बिनहवेच्या टाकीतून जातं. आयआयटी रुरकीच्या अभ्यासकांनी या केंद्रांची तुलना हवेच्या केंद्रांशी केली, तेव्हा यूएएसबीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आणि गाळात डिटर्जंट कितीतरी अधिक आढळलं. जर्मनीत १९६४ मध्ये सुटलेला प्रश्न इथे नव्याने उभा राहिला, कारण तिथलं उत्तर हवेवर अवलंबून होतं.

केंद्रांचंही सोडा. २०११ च्या जनगणनेनुसार शहरी घरांपैकी ३२.७ टक्के घरं मैलावाहिनीला जोडलेली होती आणि ३८.२ टक्के घरांकडे सेप्टिक टँक होता. म्हणजे शहरातही कितीतरी घरांच्या संडासात ओतलेला पृष्ठसक्रियक पहिल्यांदा भेटतो तो अंधाराला, हवेला नंतर. नदीचा नंबर त्याच्याही पुढे.

आळंदीला इंद्रायणीवर गेल्या काही वर्षांत वारंवार फेस दिसला आहे. दिल्लीत ओखल्याजवळ यमुनेवर छठपूजेच्या वेळी फेसात उभ्या राहिलेल्या स्त्रियांची छायाचित्रं आपण पाहिली आहेत. बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावाने तर २०१५ मध्ये पेट घेतला. या प्रत्येक ठिकाणी कारणं मिसळलेली आहेत: प्रक्रियाच न झालेलं मैलापाणी, कारखान्यांचं पाणी, बंधाऱ्यावरून पडताना होणारी घुसळण. सगळं खापर एका पावडरीवर फोडणं चूक होईल. पण त्या फेसात धुण्याचा वाटा आहे. कार्तिकीला इंद्रायणीत बुडी मारणारा वारकरी त्या पाण्याचं तीर्थ घेतो. त्याच्या ओंजळीत आपल्या घराचं सांडपाणी आहे.

आणि त्याच इंद्रायणीच्या काठी, आळंदीच्या वरच्या अंगाला, देहू आहे. तिथे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी आयुष्यभर संडासांचं काम केलं आणि संडासाला जोडलेले बायोगॅस संच, ‘मलप्रभा’ म्हणून ओळखले जाणारे, लोकांपर्यंत नेले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्याला आपण घाण म्हणतो त्यातून चुलीला वायू मिळतो, ही त्या कामातली शिकवण होती. ज्या घरात असा संच आहे त्या घराला पृष्ठसक्रियकाचं ज्ञान पुस्तकातून घ्यावं लागत नाही. संडासात जंतुनाशक ओतत राहिलं तर चूल मंदावते. वाहिनीला जोडलेल्या आम्हा शहरवासीयांची चूल मंदावत नाही, म्हणून आम्हाला ते कळत नाही. परिणाम आमच्यापासून लांब घडतो, इतकंच.

झाड आणि माकड

आता शब्दाकडे. आपल्या नैयायिकांचं एक आवडतं उदाहरण आहे. झाडाच्या फांदीवर माकड बसलं आहे. झाडाला माकडाचा संयोग आहे का? आहे. पण मुळाशी पाहा, तिथे नाही. मग एकाच झाडाला एकाच वेळी माकडाचा संयोग आहे आणि नाहीही? विरोध टाळण्यासाठी नैयायिक म्हणतात: फांदीच्या अवच्छेदाने आहे, मुळाच्या अवच्छेदाने नाही. अवच्छेदक म्हणजे मर्यादा घालणारा. कोणत्या भागात, कोणत्या काळी, कोणत्या रूपाने, हे सांगितल्याशिवाय काही धर्मांबद्दलचं विधान पुरं होत नाही. हे वाचून विद्यार्थी हसतात, पंडितांना माकडाशिवाय काम नव्हतं का म्हणून!

‘विघटनशील’ हा असाच धर्म आहे. तो पदार्थाच्या अंगात, साखरेच्या गोडीसारखा, कायमचा बसलेला नाही. तो पदार्थ, जंतू, हवा आणि वेळ या चौघांमधला संबंध आहे. लास नदीच्या अवच्छेदाने विघटनशील आहे, टाकीच्या अवच्छेदाने नाही. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट शेपटीच्या अवच्छेदाने विघटनशील, कड्याच्या नाही. १९६४ च्या कायद्याने हे अवच्छेदक चाचणीच्या वर्णनात नीट लिहिले होते, शास्त्रज्ञांनी ते कधी लपवले नाहीत. पण चाचणीतून पाकिटावर येताना ते गळून पडले आणि नुसतं विशेषण उरलं. विशेषण सुटं झालं की ते कुठेही चिकटतं आणि कुणालाही निर्धास्त करतं.

मग आपण करायचं काय? पावडर टाकून रिठ्याकडे परत जा, असं सांगणारे आम्ही नाही. कोट्यवधी लोकांचे कपडे रिठ्यावर धुतले जाणार नाहीत. घरात करण्यासारखं थोडं आहे: फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त हा समज सोडणं, माप पाळणं, आणि सेप्टिक टँक किंवा बायोगॅसला जोडलेल्या संडासात जंतुनाशकाचा मारा न करणं. पण खरा प्रश्न घराबाहेरचा आहे. पाकिटावर ‘विघटनशील’ लिहायचं तर ‘हवेत’ की ‘हवेशिवायही’ हे सोबत लिहिणं आपल्याकडे बंधनकारक का असू नये? बिनहवेचं विघटन मोजायची आंतरराष्ट्रीय चाचणी १९९५ पासून उपलब्ध आहे, टाकीत खाल्ले जाणारे पृष्ठसक्रियकही उपलब्ध आहेत. ज्या देशाने आपलं मैलापाणी मोठ्या प्रमाणावर अंधाऱ्या टाक्यांवर सोपवलं आहे, त्या देशाने हवेतल्या चाचणीवर समाधान मानणं हे मुळाशी उभं राहून फांदीवरच्या माकडाची खात्री देण्यासारखं आहे.

आणि जिथे यूएएसबी केंद्रं आहेत, तिथे त्यांच्या पुढे हवेची एक पायरी नीट चालवणं, हा उपाय अभियंत्यांना माहीत आहे. त्याला वीज लागते, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे ती पायरी रोज चालते की नाही हे विचारणारे नागरिक लागतात. आपल्या गावातलं केंद्र कोणत्या पद्धतीचं आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? पुढच्या व्याख्यानापर्यंत एवढं विचारून या. नगरपालिकेत किंवा महापालिकेच्या मलनिस्सारण विभागात ही माहिती मिळते.

पुढच्या वेळी आपण ‘शुद्ध’ या शब्दाचा इतिहास घेणार आहोत: पाणी पिण्याजोगं आहे हे ठरवण्याची कसोटी गेल्या दीडशे वर्षांत कशी बदलत गेली ते. आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.